वावर चूक की शेत बरोबर?

आज मी तुम्हांला माझी स्वतःचीच एक चूक सांगणार आहे. मॅडमची चूक म्हटल्यावर लगेच कान टवकारले ना? वर्षभर तुमच्या वह्यांतल्या चुका आम्ही शोधतो, मग एखाद्या दिवशी आमची चूक तुम्ही ऐकली तर काय बिघडलं!

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवते. चौथीच्या मुलांना एकदा 'माझे वडील' हा निबंध लिहायला दिला होता. एका मुलीने फार सुंदर दीड पान लिहिलं. त्यात एक वाक्य होतं : 'माझे बाबा पहाटेच इळा घेऊन वावरात जातात.' मी लाल पेन उचललं, 'इळा' खोडून 'विळा' केलं, 'वावरात' खोडून 'शेतात' केलं आणि दहापैकी सहा गुण दिले.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मॅडम, हे काहून चुकलं? आमच्या घरी त सारेच वावर म्हणतात."

मी म्हटलं, "घरी म्हणतात गं, पण पुस्तकात शेत म्हणतात."

ती मान हलवून जागेवर जाऊन बसली. पुढचा निबंध होता 'पावसाळ्यातील एक दिवस'. तिने चार ओळी लिहिल्या. चारही ओळी अगदी शुद्ध! पण त्यात ना तिचे बाबा होते, ना चिखल, ना बैल. कुठल्याही पुस्तकातून उतरवाव्यात अशा त्या ओळी होत्या. एकही चूक नव्हती, तरी मला ती वही तपासताना आनंद झाला नाही. काहीतरी हरवलं होतं, आणि ते माझ्या लाल पेनाने हरवलं होतं.

पुढे काही दिवसांनी एका परिचितांच्या घरी मला एक जाडजूड जुना शब्दकोश दिसला. सहज चाळता चाळता 'व' अक्षराशी आले आणि थबकले. तिथे चक्क 'वावर' हा शब्द होता, आणि अर्थ दिला होता शेत! तो कोश आजकालचा नव्हता. १८५७ साली छापलेल्या कोशाचं ते पुनर्मुद्रण होतं. म्हणजे ज्या शब्दावर मी काट मारली, तो शब्द दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मोठ्या मानाने कोशात जाऊन बसला होता!

साहेब आणि शास्त्रीबुवा

हा कोश कोणी केला, ठाऊक आहे? त्याचं नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ. हा जन्माने इंग्रज. १७९५ साली इंग्लंडमध्ये जन्मला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी करायला लहान वयातच हिंदुस्थानात आला. आपल्याकडे आला तेव्हा त्याला मराठीचं अक्षरही येत नव्हतं. तुम्हांला इंग्रजीचा तास जसा डोंगराएवढा वाटतो, तसाच त्याला मराठीचा वाटत असणार. पण गडी चिकाटीचा! मराठी शिकता शिकता तो शब्द जमवू लागला. त्याच्या जोडीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ आले.

मात्र या तिघांनीच कोश केला असं समजू नका. त्यांच्याबरोबर मराठी शास्त्री-पंडित बसत. शब्द कुठून आला, कसा वापरतात, त्याच्या किती छटा आहेत, हे सारं सांगणारी माणसं आपलीच होती. १८२९ साली जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'महाराष्ट्र भाषेचा कोश' हा मराठीचे अर्थ मराठीतच सांगणारा कोशही तयार केला. पुढे दोनच वर्षांनी, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून झाला.

एवढं काम करून साहेबाची प्रकृती ढासळली. १८३६ साली तो मायदेशी परतला. पण शब्दांचं वेड काही सुटलं नाही! १८५१ साली तो पुन्हा इकडे आला, जुना कोश तपासला, नवे शब्द घातले आणि १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत. बसल्या जागी साठ हजार शब्द नुसते मोजायचे म्हटले तरी दिवस पुरणार नाही. त्याने आणि त्याच्या पंडितांनी एकेका शब्दाचा अर्थ लिहिला.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगते. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी नावाचा इंग्रज पाद्री होता. तरुणपणी तो जोडे शिवायचं काम करी. त्याने १८१० साली मराठीचा कोश छापला, त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. त्याला मराठी शिकवणारे पंडित होते वैजनाथ, आपल्या नागपूरकडचे. बघा, मराठी कोशांच्या अगदी पहिल्या पायरीवरच एक वैदर्भीय माणूस उभा आहे!

दप्तरात काय काय दडलंय?

जुन्या कोशात शब्दाच्या पुढे त्याचं मूळ गावही दिलेलं असतं. मोल्सवर्थने त्यासाठी खुणेची इंग्रजी अक्षरं वापरली : एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे पर्शियन अर्थात फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्थानी. ते पाहिल्यावर मला वाटलं, आपल्या वर्गातल्याच शब्दांची गावं शोधून पाहू या. चला, तुम्हीही या माझ्याबरोबर.

आधी पाठीवरचं दप्तर खाली ठेवा. हा शब्द फारसीतून आला. तिकडे तो ग्रीक भाषेतून गेला, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होता कमावलेलं कातडं! पूर्वी कातड्यावर लिहीत, म्हणून लिखाणाच्या चळतीला ते नाव पडलं. पेशवाईत दप्तर म्हणजे सरकारी कागदपत्रं. ती कापडाच्या रुमालात बांधून ठेवत. आता त्या दप्तरात तुमचा डबा आणि पाण्याची बाटली असते.

दप्तरातून कागद काढा. तोही फारसी. आता शाई. ही फारसीतल्या 'स्याही'वरून आली, आणि 'स्याह' म्हणजे काळा. शाई म्हणजे मुळात काळेपणा! मग मी ज्या लाल शाईने 'वावर' खोडलं, ती कोणती हो? लाल काळी! हे सांगितल्यावर वर्ग खो-खो हसला. मीही हसले.

इयत्ता हा शब्द संस्कृत. 'इयत्' म्हणजे एवढं. इयत्ता म्हणजे 'एवढेपणा', मोजमाप. चौथी इयत्ता म्हणजे चौथ्या मापापर्यंत पोचलेली मुलं. फळा आला फलकावरून, हजेरी आली अरबी 'हाजिर'वरून. मास्तर हे इंग्रजी मास्टरचं मराठी रूप, आणि तो इंग्रजी शब्द लॅटिनमधून आलेला. पेन हाही लॅटिन 'पेन्ना'वरून. त्याचा अर्थ पीस, कारण साहेब लोक पूर्वी पिसाने लिहीत.

आणि सगळ्यांत गमतीचा शब्द स्कूल. तो ग्रीक भाषेतून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ होता फुरसत, रिकामा वेळ! कामधंद्यातून मोकळा वेळ मिळाला की माणसं चर्चा करायला जमत, शिकत. पुढे त्या जागेलाच ते नाव पडलं. म्हणजे शाळेत जाणं हे मुळात फुरसतीचं काम आहे. पण हे कारण सांगून गृहपाठ टाळू नका बरं का!

अर्थ बदलतात, माणसं बदलतात

शब्दांचा प्रवास म्हणजे गाव बदलणं एवढंच नाही. कधी कधी शब्द जागेवरच राहतो आणि त्याचा अर्थ बदलतो.

मोल्सवर्थच्या कोशात विमान आहे. पण ते देवांचं, आकाशातून आपोआप चालणारं. राइट बंधूंचं यंत्र १९०३ साली उडालं, तेव्हा आपण देवांच्या वाहनाचं नाव त्याला देऊन टाकलं. कोशात आकाशवाणीही आहे. ती मात्र आकाशातून येणारी देवाची वाणी. आपल्याकडे अकोल्याची आकाशवाणी लागते, तिच्यावर बाजारभाव सांगतात! आणि त्या काळची वीज फक्त ढगात चमकायची, बटण दाबून लागायची नाही.

साहस म्हटलं की आज आपल्याला गिर्यारोहक आठवतो. गुणपत्रिकेत कोणी 'साहसी विद्यार्थी' असा शेरा दिला तर घरी पेढे वाटतील. पण जुन्या काळी साहस म्हणजे अविचाराने केलेलं काम. जुन्या धर्मशास्त्रात तर दांडगाई आणि जबरदस्तीच्या गुन्ह्यांना साहस म्हणत. तो शेरा दोन-तीनशे वर्षांपूर्वी मिळाला असता तर पेढे नव्हे, पाठीत धपाटा बसला असता.

शिक्षा हा शब्द तर माझ्या मनात घर करून राहिला आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं, शिकवणं. हिंदीत आजही तोच अर्थ आहे. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत, शिकणंही आणि दंडही. आपल्या मराठीत पुढे पहिला अर्थ गळून पडला आणि छडी तेवढी उरली! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या मारावर बंदी आणली आहे. पण मित्रांनो, लाल पेनसुद्धा कधी कधी छडीसारखं लागतं. त्या मुलीला मी हातही लावला नव्हता, तरी तिला शिक्षा झालीच होती. हिंदीतली नव्हे, मराठीतली.

इंग्रजीचंही असंच आहे हं! तुम्ही चांगल्याला 'नाइस' म्हणता. सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कोणी तुम्हांला नाइस म्हटलं असतं तर त्याचा अर्थ मूर्ख असा होता. लॅटिनमध्ये 'न जाणणारा' अशा अर्थाचा शब्द आहे, त्यावरून तो आला. 'गर्ल' म्हणजे तेव्हा कोणतंही मूल, मुलगा असो की मुलगी. 'मीट' म्हणजे कोणतंही अन्न, नुसतं मांस नव्हे. पाटीवरची अक्षरं पुसून नवी लिहावीत, तसे लोक शब्दांचे अर्थ हळूहळू पुसतात आणि नवे लिहितात.

आपल्या वाशीमचीच गोष्ट घ्या

नदीतला दगड वाहता वाहता गुळगुळीत होतो, तसा शब्द बोलता बोलता गुळगुळीत होतो. हस्तचा हात झाला, कर्णचा कान, सूत्रचं सूत, कर्पासचा कापूस आणि क्षेत्राचं शेत.

आपल्या जिल्ह्याचं नावही असंच घासलेलं आहे. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वत्स म्हणजे वासरू आणि गुल्म म्हणजे झुडपांची दाटी. वत्स ऋषींच्या नावावरून ते पडलं अशीही कथा सांगतात. चौथ्या शतकात इथे वाकाटक राजांची राजधानी होती. त्यांच्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट वाशीमला सापडला. त्याचा काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत आहे. प्राकृतात वत्सगुल्मचं 'वच्छोम' झालं. पुढे ते आणखी घासून वाशीम झालं, आणि इंग्रजांनी आपल्या कागदांत 'बासिम' लिहिलं.

आता मला सांगा, त्या काळच्या एखाद्या पंतोजीने 'वच्छोम' म्हणणाऱ्या मुलाच्या पाटीवर काट मारली असेल का? मारली असेलही! पण लोक म्हणत राहिले, म्हणून आज वाशीम आहे.

तिचा प्रश्न

मी तो कोश दोन दिवसांसाठी मागून शाळेत नेला. टेबलावर ठेवला तेव्हा मुलं म्हणाली, "बाप रे! एवढं जाड पुस्तक!" मी 'वावर' शब्दावर बोट ठेवून वर्गाला दाखवलं. मग त्या मुलीची वही मागून घेतली, माझ्याच काटेवर काट मारली आणि समासात लिहिलं : 'वावर बरोबर आहे. चूक मॅडमची.'

मला वाटलं, ती खूश होईल. खूश झालीच, पण मग डोळे बारीक करून तिने विचारलं, "मॅडम, त्या साहेबानं लिहिलं नसतं, त मग आमचा शब्द चूक झाला असता का जी?"

बालमित्रांनो, हा प्रश्न मला कोणत्याही परीक्षेत कोणी विचारला नव्हता. मी क्षणभर गप्प राहिले.

मग मी वर्गाला दोन शिक्षकांची गोष्ट सांगितली. इंग्रजीचे अर्थ इंग्रजीतच सांगणारा पहिला कोश १६०४ साली निघाला. तो केला रॉबर्ट कॉड्री नावाच्या एका शाळामास्तराने, आणि त्याला मदत केली त्याच्या मुलाने, तोही शाळामास्तरच. त्यात अवघे अडीच हजारांच्या आसपास शब्द होते. मग उरलेले सगळे इंग्रजी शब्द चूक होते काय? लोक ते रोज बोलतच होते! पुढे १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने नऊ वर्षं खपून बेचाळीस हजारांवर शब्दांचा कोश केला. त्यालाही सगळे शब्द काही सापडले नाहीत. शिवाय पठ्ठ्याने ओट या धान्याचा अर्थ देताना स्कॉटलंडच्या लोकांची टोपी उडवली, की आमच्याकडे जे घोडे खातात ते तिकडे माणसं खातात! कोश करणारीही आपल्यासारखीच माणसं असतात. त्यांच्या आवडीनिवडी असतात, त्यांच्या कानावर काही शब्द पडतात, काही पडत नाहीत.

म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, "नाही बाळा. शब्द आधी, कोश नंतर. कोशवाला आपल्या दाराशी येऊन विचारतो, तुम्ही याला काय म्हणता? आपण सांगतो तेव्हा तो लिहितो. तो एखाद्या दारी आला नाही, म्हणून त्या घरातला शब्द चूक होत नाही."

मग 'शेत' शिकायचंच नाही का? शिकायचं, अवश्य शिकायचं! तुम्ही रत्नागिरीच्या मित्राला पत्र लिहिलं तर त्याला वावर कळेलच असं नाही. त्याच्यासाठी, परीक्षेसाठी, वर्तमानपत्रासाठी सगळ्यांना कळणारी प्रमाण मराठी हवी. पण नवा सदरा शिवला म्हणून कोणी आपलं अंग कापून टाकत नाही. दोन्ही शब्द ठेवा. ज्याच्याजवळ दोन शब्द, तो अधिक श्रीमंत!

आबाजींचा तास

या गोष्टीनंतर आमच्या वर्गात एक वही सुरू झाली. तिचं नाव 'शब्दांची वही'. मुलांनी घरी जाऊन आजी-आबाजींना विचारायचं आणि रोज एक शब्द आणायचा. बघता बघता वही भरू लागली : पऱ्हाटी, सोंगणी, डवरणी, वखर, ढोरं, इस्तो, पायली, खंडी. खंडी म्हणजे वीस मण, हे कळल्यावर 'खंडीभर कामं पडली आहेत' या आईच्या वाक्याचा अर्थ मुलांना लागला.

एके दिवशी त्या मुलीचे आबाजीच शाळेत आले. फळ्यावर त्यांनी तिफण काढली. म्हणाले, "तीन फण असतात म्हणून तिफण." मग एकेक भाग दाखवला : ही दिंडी, हे फण, हे चाडं. चाड्यात मूठ सोडायची, बी नळ्यांतून जमिनीत जाते. मागे सरतं बांधून त्यातून तूर पेरायची. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. आता बहुतेकांच्या घरी पेरणी ट्रॅक्टरने होते. सोयाबीन पेरायला तिफण कोण जुंपणार?

जाताना आबाजी म्हणाले, "मॅडम, तिफण त गेलीच आता. पोरांनी नावं लिहून घेतली, बरं झालं."

वस्तू गेली की शब्द निराधार होतो. तो मग एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी तेवढा राहतो, आणि ते माणूस गेलं की शब्दही जातो. मोल्सवर्थच्या पंडितांनी लिहून ठेवले म्हणून हजारो शब्द वाचले. आपल्या गावचे शब्द वाचवायला साहेब येणार नाही. ते तुम्हांलाच वाचवायचे आहेत.

हे करून पाहा

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर चार रकाने पाडा : शब्द, कोणी सांगितला, अर्थ, आणि त्या शब्दाचं घरच्या बोलीतलंच एक वाक्य. आठवड्याला पाच शब्द जमवा. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसापासून सुरुवात करा. चूल, गोठा, शेती, सण, दागिने, मापं, खेळ असा एकेक विषय घेतला की शब्द भराभर आठवतात. जमलेले शब्द मोठ्या कोशात शोधा. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर खुला ठेवला आहे, शाळेच्या संगणकावरही पाहता येईल. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' मोठ्या वाचनालयात मिळेल. शब्द तिथे सापडला तर त्याच्यापुढे बरोबरची खूण करा. सापडला नाही तर चांदणी काढा! तो शब्द तुमच्याच वहीने पहिल्यांदा टिपलेला असू शकतो.

पालकहो, तुम्हांलाही एक विनंती आहे. मूल चारचौघांत घरचा शब्द बोललं तर "असं गावंढळ बोलू नकोस" म्हणून त्याला दटावू नका. त्याला दुसरा शब्दही शिकवा, पण पहिला हिसकावून घेऊ नका. आम्ही शिक्षकांनीही हे लक्षात ठेवायला हवं. मी तर लाल पेनाच्या टोपणावर एक चिठ्ठीच चिकटवली आहे : 'आधी विचार, मग काट.'

आणि हो, त्या मुलीचा पुढचा निबंध सांगायचा राहिलाच. विषय होता 'आमची दिवाळी'. पूर्ण दोन पानं! बाबा होते, सोंगणी होती, ढोरांच्या शिंगांना लावलेला रंग होता, आणि शेवटी एक ओळ होती, जिच्यात 'शेत' आणि 'वावर' दोन्ही शब्द शेजारी शेजारी सुखाने नांदत होते.

तुमच्या वहीतला पहिला शब्द कोणता असेल?

— तुमची मॅडम